सराव नाही, तरी मोसम झाला म्हणे!

शनिवारी सकाळी दाजींचा मेसेज आला. वर दोन हात जोडलेले, मध्ये हातभर मजकूर आणि शेवटी 'जसा आला तसा पुढे पाठवत आहे'. एरवी ही ओळ दिसली की मी समजतो, पाठवणाऱ्याने वाचलेलं नाही. या वेळी दाजींनी वाचलं होतं, कारण खाली त्यांनी स्वतः टाइप केलं होतं : "पोराचा ताप उतरून आठ दिवस झाले. हे ताईला वाचून दाखव. उगाच डॉक्टरच्या फेऱ्या नकोत."

पोरगा म्हणजे माझा भाचा. अटलांटाजवळ अकरावीत शिकतो आणि शाळेच्या संघात सेफ्टी खेळतो, म्हणजे बचावात सगळ्यांत मागे उभा राहतो. (फुटबॉल म्हणजे इथला, चेंडू बगलेत मारून पळायचा तो.) जुलैच्या मध्यात त्याला कोविड झाला. चार दिवस सणकून ताप होता. ताप गेल्यावरही जिना चढताना दम लागत होता, हे तो आईला बोलला नाही, मला बोलला. मामाचा उपयोग तेवढाच. ऑगस्ट लागला की पॅड चढवून सराव सुरू होणार, आणि त्याला तो चुकवायचा नाही.

मेसेजचं म्हणणं असं की अमेरिकेतल्या २०२० च्या कॉलेज फुटबॉलने सहा गोष्टी 'सिद्ध' केल्या. वसंतातला सराव बुडाला तरी मोसम छान पार पडला, म्हणजे सराव हे कोच लोकांचं पोट भरायचं साधन. डिफेन्सला (म्हणजे अडवणाऱ्यांना) डावपेच लागतच नाहीत, पाठांतर ऑफेन्सने (चेंडू घेऊन चाल करणाऱ्यांनी) करायचं आणि डिफेन्सने फक्त अंगावर जायचं. 'तयारीला वेळ मिळाला नाही' ही निव्वळ सबब. तपासण्या बोगस होत्या. माघार घेणारे खेळाडू भित्रे होते. आणि शेवटी, हृदयाला सूज येते ही अफवा होती, एकाही खेळाडूला काही झालं नाही, सबब ताप उतरला की मैदानात उतरावं.

लिहायला बसलो तो या शेवटच्या मुद्द्यासाठी. पण दुसरा इतका अचाट आहे की त्याला ओलांडून पुढे जाववत नाही.

२६ सप्टेंबर २०२०. बॅटन रूजचं टायगर स्टेडियम, लाखावर आसनांचं, त्या दिवशी नियमाप्रमाणे फार तर पाव भरलेलं. यजमान एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट, आदल्या मोसमात एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेते झालेले. समोर मिसिसिपी स्टेट आणि त्यांचे नवे प्रशिक्षक माइक लीच. लीच यांची पद्धत 'एअर रेड' : चेंडू फेकायचा आणि फेकतच राहायचा. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, के. जे. कॉस्टेलो याने त्या दुपारी ६२३ यार्ड फेकले. एसईसी या बलाढ्य गटात एका सामन्यात एवढे कोणी कधीच फेकले नव्हते. आधीचा ५४४ चा विक्रम १९९३ पासून टिकून होता. निकाल ४४–३४, विजेते आडवे.

का झालं असं? एलएसयूचा डिफेन्स सांभाळणारे डेव्ह अरांडा मुख्य प्रशिक्षक म्हणून बेलर विद्यापीठात गेले होते. त्यांच्या जागी बो पेलिनी आले, नवी रचना घेऊन. मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि ती रचना शिकवायचे वसंतातले दिवस बुडाले. नियमाने पंधरा सराव मिळतात, तिथे बहुतेक शिकवणी झूमवर. काही खेळाडूंनी मोसमातूनच माघार घेतली. सप्टेंबरच्या मध्यात मुख्य प्रशिक्षक एड ऑर्जरॉन यांनीच सांगून टाकलं की बहुतेक खेळाडूंना कोविड होऊन गेलाय. त्यातून सामन्याच्या आदल्या रात्री डेरेक स्टिंगली हा त्यांचा सर्वोत्तम कॉर्नरबॅक (पास झेलणाऱ्याला अडवणारा) आजारी पडला (कोविड नव्हे, दुसरंच काही). आणि एवढं होऊनही पेलिनींनी दिवसभर बहुतेक वेळ मॅन कव्हरेज लावलं, म्हणजे प्रत्येकाने आपापला माणूस धरायचा.

यात काय चुकलं ते मला गेल्या दिवाळीत भाच्याने चिवड्याच्या ताटलीत दाखवलं होतं. शेंगदाणे म्हणजे रिसीव्हर, पास झेलणारे; काजू म्हणजे डिफेन्स. (ताईच्या चिवड्यात काजू तीनच निघाले, तो वेगळा विषय.) दोन शेंगदाणे दोन कडांवरून मधोमध आले आणि एकमेकांना घासून विरुद्ध बाजूंना गेले. मागून येणारे काजू एकमेकांवर आदळले. "बघ, एवढ्यात बॉल गेला." मग त्याने तेच झोनमध्ये केलं, म्हणजे प्रत्येकाने माणूस नाही, जागा धरायची. आता काजू जागा सोडत नाही, अंगावर आलेला शेंगदाणा शेजारच्या काजूच्या हवाली करतो. "हवाली करतो म्हणजे काय करतो?" मी विचारलं. "ओरडतो, मामा. नाही ओरडला तर दोघं एकाच्याच मागे जातात आणि दुसरा सुटतो."

डिफेन्सचा सराव म्हणजे हे ओरडणं. कोणी काय ओरडल्यावर कोणी कुठे सरकायचं, हे अकरा जणांच्या अंगात भिनायला लागतं. ऑफेन्सला खेळी आधी ठाऊक असते. डिफेन्सला ती चेंडू हलल्यावर कळते आणि निर्णय तेवढ्यात लागतो. जास्त तालीम कोणाला हवी? मेसेज लिहिणाऱ्याने एकदा सेफ्टीच्या जागी उभं राहून बघावं.

आता पुढचे आठवडे. ३ ऑक्टोबरला आर्कान्सासने मिसिसिपी स्टेटविरुद्ध डिफेन्सचे प्रशिक्षक बॅरी ओडम यांच्या आखणीनुसार तीनच माणसं क्वार्टरबॅकच्या अंगावर धाडली आणि आठ मागे पसरून ठेवली. छोटे पास होऊ द्यायचे, पुढ्यात येईल त्याला जागेवर पाडायचं, डोक्यावरून काही जाऊ द्यायचं नाही. समोरच्यांचे तीन पास त्यांनी अधांतरी पकडले आणि सामना २१–१४ घेतला. गटातल्या सलग वीस पराभवांनंतरचा हा त्यांचा पहिला विजय. पुढच्या शनिवारी केंटकीने सहा पास पकडून २४–२ ने हरवलं. ते २ गुणही 'सेफ्टी'चे (भाच्याची जागा नव्हे; समोरच्याचा चेंडू त्याच्याच गोलपट्ट्यात अडला की मिळणारे), म्हणजे ऑफेन्सने मिळवलेला गुण शून्य. दोन आठवड्यांपूर्वी विक्रम मोडणारा संघ तोच, बदलले फक्त समोरच्यांचे डावपेच. म्हणे डावपेच लागत नाहीत!

इथे एक गोष्ट जिवावर येऊन मान्य करतो. वसंत फक्त एलएसयूचाच बुडाला नव्हता. लीच नवे होते, आर्कान्सासचे जवळपास सगळे प्रशिक्षक नवे होते, त्यांनाही दिवस मिळाले नव्हते. म्हणजे पेलिनींचं अपयश सगळंच्या सगळं महामारीच्या खात्यावर टाकता येणार नाही. मॅन कव्हरेज फाटतंय हे दिसत असताना ते तसंच रेटणं हा हट्ट होता, आणि मोसम संपताच त्यांना जावं लागलं. 'सबब' हा शब्द त्यांच्यापुरता अर्धा खरा. पण त्यावरून सराव फुकट ठरत नाही. ओडम यांनी हातात होते तेवढ्या दिवसांत शिकवता येईल एवढंच शिकवलं, आणि एक सामना डोळ्यांसमोर होता त्याचा अभ्यास केला. कमी तयारीत काय निवडायचं हीसुद्धा तयारीच.

अलाबामाचं बघा. वसंतातला एकही सराव नाही. १० ऑक्टोबरला ओल मिसविरुद्ध ६३–४८ ने जिंकले, पण मुख्य प्रशिक्षक निक सेबन यांच्या डिफेन्सने ६४७ यार्ड दिले. ही नामुष्कीच. त्यानंतर मात्र मिसिसिपी स्टेटला ०, केंटकीला ३, ऑबर्नला १३, आर्कान्सासला ३. पुढे फ्लोरिडाने ४६ कुटले ते सोडा. जो सराव मार्च-एप्रिलमध्ये व्हायचा तो ऑक्टोबरात भर सामन्यांत, गुणफलक चालू असताना झाला. अलाबामाकडे त्या काळात ६३ गुण करणारा ऑफेन्स होता म्हणून निभावलं. भाच्याच्या शाळेकडे तो नाही.

'मोसम छान पार पडला' यावर किती लिहायचं? शंभराहून जास्त सामने रद्द झाले किंवा पुढे गेले. ओहायो स्टेट आणि मिशिगन १९१८ पासून दरवर्षी भिडत आले होते, त्या वर्षी भिडले नाहीत. बिग टेन या विद्यापीठांच्या दुसऱ्या गटाने ११ ऑगस्टला मोसम पुढे ढकलला, १६ सप्टेंबरला परत आणला आणि ऑक्टोबर संपत आला तेव्हा पहिला चेंडू उडाला. खेळायचं की नाही, कधी, कोणाशी, यातलं काहीच ठरलेलं नसताना प्रशिक्षकाने कसली आखणी करायची? व्हँडरबिल्टचे किक मारणारे खेळाडू विलगीकरणात गेले, तेव्हा विद्यापीठाच्या महिला सॉकर संघातली गोलरक्षक सारा फुलर हिला बोलावून घेतलं. तिचं कौतुकच, ती इतिहासात गेली. पण याला 'छान पार पडणं' म्हणत नाहीत.

तपासण्यांचा पुरावा म्हणून सेबन यांचं नाव दिलंय. ऑक्टोबरात त्यांची चाचणी चुकून पॉझिटिव्ह आली, हे खरं. फेरतपासण्या निगेटिव्ह आल्या आणि ते मैदानावर परतले. नोव्हेंबरात पुन्हा पॉझिटिव्ह आले ते लक्षणांसकट, आणि ऑबर्नचा सामना त्यांनी घरून पाहिला. मेसेजमध्ये ऑक्टोबर आहे, नोव्हेंबर नाही.

भित्रे? व्हर्जिनिया टेकचा कॉर्नरबॅक केलब फार्ली सर्वांत आधी माघार घेणाऱ्या नामवंतांपैकी एक. त्याची आई कर्करोगाने गेली होती आणि उरलेल्या एका पालकाला धोक्यात घालायची त्याची तयारी नव्हती. यावर मला आणखी काही म्हणायचं नाही.

आता हृदय. 'एकाही खेळाडूला काही झालं नाही' हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने जमेन स्टीव्हन्स ज्युनियर हे नाव शोधावं. पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या विद्यापीठाचा डिफेन्सिव्ह लाइनमन, वय २०. त्या विद्यापीठाचा मोसम आधीच स्थगित होता. कोविडनंतर हृदयात रक्ताची गुठळी होऊन सप्टेंबर २०२० मध्ये तो गेला. एक तर एक, पण 'एकाही नाही' खोटं ठरायला एक पुरतो.

अफवा मात्र होती, आणि ती दोन्ही बाजूंनी होती. ओहायो स्टेटच्या २६ खेळाडूंच्या पाहणीत चौघांच्या एमआरआयमध्ये हृदयाच्या स्नायूला सूज असल्याच्या खुणा दिसल्या. २६ म्हणजे फारच थोडे. मग पेन स्टेटच्या संघाच्या डॉक्टरांच्या तोंडून ३० ते ३५ टक्के असा आकडा गेला आणि रातोरात सगळीकडे फिरला. तो बरोबर नव्हता, विद्यापीठाला खुलासा करावा लागला. खुलासा नेहमीप्रमाणे फिरला नाही. तो आकडा मीही तेव्हा चार जणांना पाठवला होता, तेव्हा दाजींना एकट्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

खरं चित्र २०२१ च्या मे महिन्यात आलं. बिग टेनच्या १३ विद्यापीठांनी कोविड होऊन गेलेल्या १,५९७ खेळाडूंचे हृदयाचे एमआरआय केले आणि निष्कर्ष 'जामा कार्डिऑलॉजी'त छापले. सूज सापडली ३७ जणांत, म्हणजे २.३ टक्के. पस्तीसपेक्षा फार कमी, शून्यापेक्षा बराच जास्त. पण दाजी, यातली पुढची ओळ वाचा. छातीत दुखणं, धडधड असली हृदयाची लक्षणं असणाऱ्यांचीच तपासणी केली असती, तर ३७ पैकी फक्त ५ सापडले असते. उरलेल्यांना हृदयाची असली लक्षणंच नव्हती. त्यांचाही ताप उतरलेलाच होता. आणि अशी सूज असताना जोर काढला तर हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडू शकतात, म्हणून डॉक्टर सूज जाईपर्यंत, बरेचदा काही महिने, स्पर्धेतला खेळ बंद ठेवायला सांगतात.

विरुद्ध बाजूही सांगतो, नाहीतर दाजी म्हणतील मेहुण्याने सोयीचं तेवढंच उचललं. त्याच वर्षी व्यावसायिक लीगांमधल्या ७८९ खेळाडूंची पाहणी छापून आली. तिथे सगळ्यांचा एमआरआय न करता ईसीजी, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की वाढतं ते) आणि इको यांत काही वावगं दिसलं तरच पुढे गेले. हृदयाला दाह सापडला पाच जणांत, ०.६ टक्के. आज शरीराला या विषाणूची ओळखही झाली आहे, धोका २०२० एवढा नाही. सरसकट प्रत्येक पोराचा एमआरआय करा असं कुणी म्हणत नाही, मीही नाही. पण चार दिवस ताप येऊन गेलेला, जिन्यावर दम लागणारा मुलगा 'सरसकट'मध्ये बसत नाही. त्याला डॉक्टरने स्टेथोस्कोप लावायचा, ईसीजी काढायचा, मग हळूहळू धावायला सुरुवात. फेऱ्या कसल्या, एक फेरी!

हे सगळं दाजींना पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या, तासाभराने उत्तर आलं : "एवढं कोण वाचणार? थोडक्यात सांग."

थोडक्यात : मंगळवारी सकाळी साडेनऊची वेळ घेतली आहे. त्याला मी नेतोय. इन्शुरन्सचं कार्ड तेवढं ताईकडे देऊन ठेवा.