वडाचा जन्मदाखला

"काका, या वडाचा जन्मदाखला आहे का तुमच्याकडे?" असे रस्तारुंदीकरणात तोडायच्या झाडांच्या सुनावणीत एका अधिकाऱ्याने काल मला भर सभेत विचारले आणि शेजारी बसलेला ठेकेदाराचा माणूस खुदकन हसला, तेव्हापासून माझे जे डोके फिरले आहे ते अद्याप ठिकाणावर आलेले नाही.

टेकडीच्या पायथ्याचा तो वड तीन माणसांच्या कवेत मावत नाही, त्याच्या पारंब्या जमिनीत रुजून त्यांचीच खोडे झाली आहेत, आणि यादीत त्याचे वय लिहिले आहे ४८ वर्षे. पलीकडची चिंच ४९ वर्षांची, पिंपळ ४७ वर्षांचा. २०२१ साली राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन ५० वर्षे व त्याहून जुने झाड हेरिटेज वृक्ष ठरले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन आले, तेव्हापासून आमच्या रस्त्यावरचे एकही झाड पन्नाशी गाठायला तयार नाही. घेर कोणी मोजला, वय कोणत्या सूत्राने काढले, एवढेच मी विचारले होते. त्यावर जन्मदाखला! झाडाचा दाखला मी आणायचा आणि ४८ हा आकडा मात्र यांनी बसल्या जागी लिहायचा, हा कुठला न्याय?

बरे, सुनावणी कामाच्या दिवशी सकाळी अकराला, साहेब येणार साडेबाराला. हरकतीसाठी सात दिवस, त्यातले निम्मे वर्तमानपत्रातल्या निविदांच्या गर्दीत ती जाहिरात शोधण्यात जातात. झाडावर सूचना लावायची तीही खिळा ठोकून, म्हणजे मारण्याआधी टोचून बघितल्यासारखी, आणि पहिल्याच सरीत तिची शाई उतरते. शेवटी उत्तर ठरलेले: "आपल्या हरकतीची नोंद घेण्यात आली आहे."

नोंदीवरून मुंबईतले आरे आठवते, जिथली झाडे मेट्रोच्या कारशेडसाठी तोडायची होती. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या, विरोध करणाऱ्यांपैकी २९ जणांना अटक झाली, आणि ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर २,१४१ झाडे आडवी झालेली होती. एरवी खड्डा बुजवायला वर्ष लावणारी यंत्रणा झाडे तोडायला निघाली की तिच्या अंगात कुठून बळ येते, हे मला आजवर उमगलेले नाही.

आणि ते वृक्षारोपण! २०१९ च्या पावसाळ्यात राज्यात ३३ कोटी झाडे लावण्याचा संकल्प होता. आमच्या टेकडीवर दर जुलैत त्याच खड्ड्यात नवे रोप, नवा पाहुणा आणि नवा फोटो असतो. शिवाय टिटवी जिथे उघड्या माळावर अंडी घालते, ते गवत खणून तिथे ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड लावायचे आणि त्याला हिरवाई म्हणायचे. गवताळ माळ म्हणजे ओसाड जागा, अशी ज्यांची समजूत आहे त्यांच्या हाती कुदळ देऊच नये.

माझेही आता काही खरे नाही. खिशात मोजपट्टी असते, लग्नाला गेलो तरी मांडवाच्या तारा खोडाला किती आवळल्या आहेत ते आधी बघतो, आणि गुलमोहर मूळचा मादागास्करचा, हे यजमानांना अक्षता पडण्यापूर्वीच ऐकवून टाकतो. घरात मला "उद्यान अधीक्षक" म्हणतात. नातेवाईक हल्ली सावली असलेल्या जागी मला भेटायचे टाळतात.

परंतु ग्रुपवर हात जोडलेली चित्रे पाठवून "काका, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत" म्हणणाऱ्या त्या असंख्य सज्जनांपैकी काल सभागृहात एकही नव्हता, हे मी विसरणार नाही. पुढील तारीख मंगळवारची आहे, वेळ अकराचीच. हरकत तीन प्रतींत लागते, त्यावर प्रत्येकाची सही लागते, आणि वडाला कवेत घेऊन मोजायला माझ्याखेरीज आणखी तिघे तरी लागतात.