निळा, केशरी, हिरवा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

दूरदर्शनवरच्या शनिवारच्या मराठी चित्रपटावरील माझ्या लेखावर ‘गिरणगावकर’ या नावाने आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. उत्तराला आठवडा लागला, त्याबद्दल क्षमस्व. ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मुंबईच्या गिरणगावात, काळाचौकीच्या आमच्या चाळीत आमच्या खोलीतल्या दूरदर्शन संचापुढे जमणाऱ्या माणसांविषयी मी लिहिले होते, आणि ‘१९८२ सालासारखी रंगत पुन्हा कधी आली नाही, त्या वर्षी आमचे घर रिकामे असे कधी नसेच,’ असे एक वाक्य त्यात होते. आपला रोख याच वाक्यावर आहे. ज्या वर्षी गिरणगावच्या चुली विझत होत्या ते वर्ष रंगतीचे कोणाला वाटेल, तर ज्याच्या घरी पगार येत होता त्यालाच, असे आपण लिहिले आहे. शिवाय चाळीत १९८२ साली आशियाई स्पर्धा रंगीत पाहिल्याचा माझा दावा साफ खोटा असल्याचे आपण म्हटले आहे, आणि दूरदर्शननेच गिरणी कामगारांना त्या वर्षीचा संप विसरायला लावला, असा निष्कर्षही काढला आहे.

रंगाचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे. १५ ऑगस्ट १९८२ रोजी दिल्लीहून रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि १९ नोव्हेंबरला आशियाई स्पर्धांचे उद्घाटन झाले, हे खरे असले तरी आमचा संच कृष्णधवलच होता. तरीही मला ते मैदान हिरवे आणि आकाश निळे आठवते. आपली प्रतिक्रिया वाचल्यावर मी थोरल्या बहिणीला फोन केला, तेव्हा ती हसत सुटली. तो कागद विसरलास का, असे तिने विचारले. त्या काळी कृष्णधवल पडद्यावर लावायला प्लास्टिकचा एक पारदर्शक कागद मिळत असे. वर निळा, मध्ये केशरी आणि खाली हिरवा. मैदानाचे दृश्य असेल तर तो शोभून दिसे. बातम्या लागल्या की मात्र वृत्तनिवेदक प्रदीप भिडे यांचे केस निळे, चेहरा केशरी आणि कोट हिरवा होई, आणि आम्ही पोरे दर वेळी तितकीच हसत असू. तेव्हा रंग मी पाहिले, पण ते दिल्लीहून आलेले नव्हते. लेखातले ते वाक्य दुरुस्त केले आहे.

आता पगाराचा मुद्दा. माझे वडील महानगरपालिकेत कारकून होते आणि संपाच्या संपूर्ण काळात त्यांचा पगार एक तारखेला येत होता. आपण नेमके बोट ठेवले आहे, आणि ते मला लागलेही. मात्र त्यानंतर मी जे आठवून पाहिले ते आपल्या आरोपापेक्षा गुंतागुंतीचे निघाले, म्हणून हे उत्तर लांबले आहे.

आमच्या मजल्यावर बहुतेक बिऱ्हाडे गिरणीत कामाला जाणाऱ्यांची होती. संपापूर्वी या माणसांचे आमच्याकडे येणे भोंग्यावर ठरत असे. पहिल्या पाळीचा माणूस संध्याकाळी मोकळा असे, दुसऱ्या पाळीचा माणूस मध्यरात्रीच घरी पोहोचे, आणि रात्रपाळीवाला चित्रपट अर्धा टाकून डबा घेऊन उठे. अर्धे चित्रपट पाहिलेल्या त्या माणसांना पुढे काय झाले ते सोमवारी नळावर सांगण्याचे काम आम्हा पोरांकडे होते. पूर्ण मजला एकाच वेळी एकाच खोलीत बसला आहे, असे गणपती सोडले तर कधी घडत नसे.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि भोंगे थांबले. आमच्या खोलीत जागा पुरेनाशी झाली ती त्यानंतर. दारापासून थेट नळापर्यंत लागलेली चपलांची ओळ मला आजही दिसते. मी नऊ वर्षांचा होतो. इतकी माणसे रोज आपल्या घरी येतात याचाच मला अभिमान वाटे. ती का येतात हे मी कोणाला विचारले नाही, आणि सांगण्याची खेदाची गोष्ट अशी की त्यानंतरच्या चाळीस वर्षांतही विचारले नाही. त्यांना जायला पाळीच उरली नव्हती. ज्याला मी रंगत म्हटले तो संपच होता, आमच्या सतरंजीवर येऊन बसलेला. आईने त्या उन्हाळ्यात सर्वांना चहा देणे बंद केले, तेव्हा मला ती कंजूष वाटली होती. दूध कमी पडते हे कारण होतेच. पण चहा घेतला की कधीतरी परत पाजावा लागतो, आणि तो पाजणे शेजाऱ्यांना जड जाते आहे, हे तिला कळत होते, असे बहीण सांगते.

मग १९८३ साल उजाडले आणि ओळ आखूड होत गेली. कोणी साताऱ्याकडे गेले, कोणी कोकणात, कोणी भाजीची गाडी लावली. त्या वर्षाविषयी माझ्या लेखात एक शब्दही नाही. स्मरणरंजन खोटे बोलते असे आपण म्हणता. माझ्या बाबतीत ते खोटे बोलले नाही, त्याने सोयीच्या ठिकाणी गोष्ट थांबवली. रात्रपाळीवाल्याप्रमाणे मीही चित्रपट अर्धाच पाहिला होता.

एका बाबतीत मात्र मी आपल्याशी सहमत होऊ शकत नाही. दूरदर्शनमुळे संप बोथट झाला, हे म्हणणे ऐकायला चटकदार असले तरी त्या कामगारांवर अन्याय करणारे आहे. तिकडे १५ ऑगस्टला देशाला रंग दिसले, आणि तीनच दिवसांनी, १८ ऑगस्टला, मुंबईत पोलिसांचेच आंदोलन भडकले; गिरणी कामगारही रस्त्यावर उतरले आणि शहरात लष्कर बोलवावे लागले. पडद्यापुढे बसून सर्व काही विसरलेल्या माणसांचे हे लक्षण नव्हे. संप फसला त्याची कारणे इतरत्र आहेत. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मान्यता एकाच संघटनेला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, दिलेली होती आणि सामंतांशी बोलणी करायला ना मालक तयार होते, ना सरकार. भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड निघतच होते, आणि जुनाट यंत्रांच्या कित्येक गिरण्या बंद राहिल्याने मालकांचे फारसे बिघडत नव्हते. या सगळ्यापुढे आठवड्यातल्या एका मराठी आणि एका हिंदी चित्रपटाची ताकद ती किती? संप अधिकृतपणे कधी मागेही घेतला गेला नाही.

त्याचप्रमाणे ‘कार्यक्रमांच्या याद्यांना इतिहास म्हणू नये’ हे आपले वाक्य मी अर्धेच मान्य करतो. दूरदर्शनवरचा ‘गजरा’ कोणत्या वारी लागत असे, यावर तासभर वाद घालणाऱ्या आम्हा चाहत्यांचा छंद बाहेरच्यांना पोरकट वाटणारच. पण तो कार्यक्रम कोणाच्या खोलीत, कोणाच्या मांडीला मांडी लावून पाहिला आणि कोण मध्येच उठून गेले, हे त्याच छंदापायी आमच्या लक्षात राहिले आहे. गिरण्यांच्या जागी मॉल उभे राहिले आणि तिथल्या उपाहारगृहांच्या भिंतींवर चाळीची चित्रे आली, त्या सजवलेल्या आठवणींचा आपल्याला आलेला वीट मलाही येतो. त्यांच्या चित्रांत चाळीची गॅलरी असते, वाळत घातलेले कपडे असतात, चपला मात्र नसतात.

‘त्या वर्षी आमचे घर रिकामे असे कधी नसेच’ हे वाक्य मी काढलेले नाही. त्यापुढे संपाची तारीख आणि चहाचा प्रसंग जोडला आहे. १९८३ विषयी लिहायला हवे, पण जे गेले त्यांच्यापैकी दोनच कुटुंबांचा पत्ता बहिणीकडे आहे. त्यांना विचारल्याशिवाय लिहिणार नाही. आपण त्याच परिसरातले असाल आणि त्या वर्षी आपल्या मजल्यावरून कोण कुठे गेले हे आपल्याला आठवत असेल, तर कृपया इथेच खाली लिहावे.