साठी उलटली? मग रॉकस्टार व्हा!

गोव्यात मांद्र्याला आमच्या चार खोल्या आहेत, पर्यटकांना भाड्याने देतो. मे महिन्यात खोली नंबर 3 मध्ये एक रॉकस्टार तीन रात्री राहून गेले. त्यांचं नाव मी लिहीत नाही. ते स्वतःच काळ्या मार्करने पलंगाच्या डोक्याशी, हातभर लांब, लिहून गेलेत. त्यांच्या सहवासात जे ज्ञान मिळालं ते तुमच्यासारख्या होतकरू ज्येष्ठांपुढे ठेवतो.

आधी केस काळे करा. रंग ओला असतानाच झोपा. अभ्रे आपले नसतातच.

मग भानगडीचं बघा. तरुणपणीच एखादी करून ठेवलेली बरी. पोस्टातल्या ठेवीसारखी म्हातारपणी कामाला येते. इंग्लंडच्या ऑझी ऑस्बर्न या रॉक गायकाने 1982 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या आयोवात, भर कार्यक्रमात वटवाघळाचं डोकं दातांनी तोडलं. रबराचं वाटलं म्हणे! नंतर रेबीजची इंजेक्शनं घेत बसला. पुढच्याच महिन्यात टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओमध्ये होणाऱ्या बायकोचा झगा घालून, अलामोच्या लढाईत पडलेल्यांच्या स्मारकावर लघवी केली. त्या शहराने त्याला दहा वर्षं गाऊ दिलं नाही. आणि 2002 मध्ये त्याच्या घरावरच्या टीव्ही मालिकेत तोच माणूस रिमोटशी झटापट करताना जगाने बघितला आणि जग म्हणालं, अगं बाई, किती गोड! तुम्हीही हे करू शकता. म्हापशाच्या बाजारात एखादी भिंत बघून उभे राहा. कोणी ढुंकूनही बघणार नाही, कारण तुमच्या गळ्यात गिटार नाही.

मुलं होऊ द्या. रोलिंग स्टोन्स बँडचा गायक मिक जॅगर, त्याला आठवं झालं तेव्हा तो 73 वर्षांचा होता, आणि 'सर' होऊन तेरा वर्षं झाली होती.

झाडावरून पडायचं तर फिजीत पडा. 2006 मध्ये जॅगरच्याच बँडचा गिटारवाला कीथ रिचर्ड्स पडला, डोक्याची शस्त्रक्रिया झाली, जगभर बातमी गेली. आमचा नारळ काढणारा पाडेली माडावरून पडला तर शेजारच्या वाड्यावर कळायलाही दोन दिवस लागतात.

आता मुख्य विद्या: सामान फेकणे. याच कीथने आणि त्याच्या सॅक्सोफोनवाल्या बॉबी कीजने 1972 च्या अमेरिका दौऱ्यात हॉटेलच्या खिडकीतून टीव्ही खाली टाकला. कॅमेरा समोर तयार होता. अजून लोक ते चित्रण बघतात आणि हसतात. खाली काचा कोणी झाडल्या, ते त्यात नाही. आमच्या पाहुण्यांनी ही परंपरा पुढे चालवली. आमच्याकडे खोलीत टीव्ही नाही, म्हणून रात्री दीड वाजता टेबल फॅन फेकला. पहिल्याच मजल्यावरून, वयाचा विचार करून. खाली अंगणात आईने कोकमाची सोलं वाळत घातली होती. रातांबे फोडून, आगळाची पुटं चढवून, रोज वरखाली करून आठवडाभर जपलेली. वर्षभराची. पंख्याची जाळी एकीकडे, पाती दुसरीकडे, आणि सोलं लाल मातीत. सकाळी खोली आवरायला येणाऱ्या बायने न्हाणीत फुटलेली बाटली उचलताना तळहात कापून घेतला. साहेब अकरा वाजता उठले, गॉगल घातला, जिन्यावरून बघितलं आणि म्हणाले, "बॉस, ऐंशी साली मी फ्रिज फेकला होता."

फ्रिज! अभिमानाने सांगत होते. एवढंही विचारलं नाही की हात कोणाचा कापला. टाक्यांचे पैसे मागितले तर म्हणाले, भिंतीवर सही केलीय, ती विकून खा.

आणि ती विकली जातेय, हेच तर जिव्हारी लागलंय. पुढच्याच आठवड्यात तीन जण आले, 3 नंबरच हवी म्हणाले, सहीखाली आडवे पडून फोटो काढले. मी भाडं तीनशेने वाढवलं. हो, मीच. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

याच गोव्यात, फोंड्याजवळच्या केरीत केसरबाई केरकर जन्मल्या. त्यांनी काय फेकलं होतं? काही नाही. गायल्या फक्त. देवळात गाण्या-नाचण्याची सेवा करणाऱ्या कलावंत घराण्यातली बाई म्हणून याच समाजाने नाकं मुरडली. रात्री ऐकायला पुढे आणि दिवसा ओळख नाही. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या तबकडीत त्यांचा आवाज अवकाशात गेला. त्याच तबकडीवर अमेरिकेचा रॉक गायक चक बेरी आहे, 14 वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात तुरुंगात राहून आलेला. त्याचं सगळं 'रंगीन आयुष्य'. बाईने नुसता तानपुरा धरला तरी तिचं चारित्र्य काढायचं, आणि याने गिटार धरली की पंखा माझ्या आईच्या सोलांवर पडला तरी टाळ्या वाजवायच्या?

लाज वाटत नाही तुम्हाला? दीड वाजता खाली उभे राहून "वन्स मोअर" ओरडणारे तुम्हीच होता ना? त्यातले दोघे तर आमच्याच वाड्यावरचे, मी आवाजावरून ओळखले. तो रॉकस्टार गेला मुंबईला. तुम्ही इथेच आहात. उद्या 3 नंबर मागायला येताय ना, या. आधी अंगणात बसायचं, आईने धुवून ठेवलेल्या सोलांतले खडे वेचायचे. अजून अर्धी टोपली राहिलीय.