हेरॉनचा गोळा म्हणजे वाफेचं इंजिन नव्हे

"अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने दोन हजार वर्षांपूर्वीच वाफेचं इंजिन बनवलं होतं. पण गुलाम फुकट राबायचे म्हणून कुणी ते वापरलं नाही, आणि पुढे ग्रंथालय जळालं तेव्हा ते ज्ञान कायमचं गेलं. नाहीतर रोमन काळातच आगगाड्या धावल्या असत्या." हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. त्यातला एकही मुद्दा टिकत नाही.

आधी इंजिनाचं बघू. हेरॉनच्या 'न्यूमॅटिका' ग्रंथात हे साधन आहे. बंद भांड्यात पाणी उकळतं, वाफ नळीतून एका पोकळ गोळ्यात शिरते, समोरासमोरच्या दोन वाकड्या तोंडांतून बाहेर पडते आणि गोळा गरगर फिरतो. फिरतो, पण त्याच्याकडून काम करून घेता येत नाही. सांधा सैल ठेवला तर वाफ निसटते, घट्ट केला तर गोळा घर्षणानेच अडतो. इंग्लंडच्या थॉमस न्यूकोमनने खाणीतलं पाणी उपसायला १७१२ मध्ये बनवलेलं वाफेचं इंजिन म्हणजे याचंच मोठं रूप नाही. त्यात वाफ थंड करून सिलिंडरमध्ये पोकळी तयार करायची आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने दट्ट्या खाली जायचा.

या तत्त्वाच्या जवळचं काही हेरॉनकडे शोधायचंच असेल, तर त्याच ग्रंथातली देवळाची दारं पाहा. वेदीवर अग्नी पेटला की आतली हवा तापून फुगते आणि खालच्या गोलातलं पाणी नळीवाटे एका टांगलेल्या बादलीत ढकलते. बादली जड होऊन उतरते, तिचे दोर दारांचे खांब फिरवतात, दारं उघडतात. अग्नी विझला की हवा आकसते, पाणी त्याच नळीने मागे ओढलं जातं आणि दुसऱ्या बाजूच्या वजनाने दारं मिटतात. निवणारी हवा पाणी ओढते, हे त्याने प्रत्यक्ष कामाला लावलं होतं! मला हे त्या गोळ्यापेक्षा कितीतरी थोर वाटतं.

गुलामांचा मुद्दा ऐकायला पटतो. पण त्याच रोमन लोकांनी फ्रान्सच्या दक्षिणेला बार्बेगाल इथे सोळा पाणचक्क्या एका उतारावर बसवून धान्य दळलं. म्हणजे उपयोगी यंत्र त्यांना नको होतं असं नाही. पण यंत्र परवडायलाही हवं. न्यूकोमनचं इंजिन कोळसा अफाट खायचं. ते परवडलं कारण ते कोळशाच्या खाणीतलंच पाणी उपसत होतं.

आणि ग्रंथालय? अलेक्झांड्रियाच्या त्या प्राचीन ग्रंथालयाशी जोडली जाणारी, रोमन सेनापती सीझरच्या वेळची आग इ.स.पू. ४८ ची. हेरॉनने उल्लेखलेलं चंद्रग्रहण अभ्यासक इ.स. ६२ चं मानतात, म्हणजे तो त्या आगीनंतर शंभरेक वर्षांनी लिहीत होता. शिवाय 'न्यूमॅटिका' हरवलं कुठे होतं? त्याची हस्तलिखितं टिकली, १५७५ मध्ये इटालियन गणिती कोमांदिनोचं लॅटिन भाषांतर छापून निघालं. तरीही न्यूकोमनपर्यंत आणखी १३७ वर्षं गेली. पुस्तक हाती असूनही इंजिन झालं नाही, मग पुस्तक जळाल्यामुळे झालं नाही असं कसं म्हणायचं?

हेरॉनचं खरंच नजरेआड झालेलं पुस्तक वेगळंच होतं: 'मेट्रिका', क्षेत्रफळ आणि घनफळाचं. त्याचं हस्तलिखित १८९६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडलं. त्रिकोणाच्या तीन बाजूंवरून क्षेत्रफळ काढायचं जे सूत्र आपण शाळेत हेरॉनच्या नावाने शिकतो, त्याची सिद्धता त्यात आहे.