दोन मिलिमीटरचा प्रश्न

घरातल्या अकरा माणसांचा एकत्र फोटो काढण्यासाठी मी मागे सरकत सरकत भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, तरीही दोन्ही टोकांची माणसे अर्धीअर्धीच दिसत होती. ‘दादा, आणखी थोडा मागे जा ना,’ असे बहिणीने सुचवले तेव्हा मागे जायचे तर भिंत फोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. एका नजरेत जास्त रुंद दृश्य टिपणारी वाइड-अँगल झूम लेन्स घ्यायची, हे मी तिथेच ठरवले आणि पुढच्या चार महिन्यांच्या मनःशांतीवर पाणी सोडले.

पहिला तडाखा गणिताने दिला. कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स १८-५५ मिलिमीटरची होती; हा आकडा (लेन्सचे नाभीय अंतर) जितका लहान तितके दृश्य रुंद, म्हणून १८ मला चांगला ऐसपैस वाटत असे. परंतु माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, एपीएस-सी मापाचा, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या ‘फुल-फ्रेम’हून लहान असल्याने प्रत्येक आकड्याला दीडने गुणावे लागते, असे कळले आणि त्या १८ चे पाहता पाहता २७ झाले. जाणकार जिचे नाव आदराने घेतात ती १६-३५ची लेन्सही माझ्याकडे आली की २४ पासूनच सुरू होणार होती. तेव्हा मला १० किंवा १२ पासून सुरू होणारी लेन्स हवी, इतके निश्चित झाले.

पण १० की १२? दोन मिलिमीटर म्हणजे किती, हे मी नखे कापताना अंगठ्याच्या नखाचा तुकडा चिमटीत धरून बराच वेळ पाहिले आहे. ५५ मिलिमीटरपाशी तेवढ्याने दृश्याच्या कोनात जेमतेम एका अंशाचा फरक पडतो. इकडे मात्र १२ ला सुमारे ९९ अंशांचा कोन मिळतो आणि १० ला सुमारे १०९ अंशांचा. दहा अंश म्हणजे आमच्याकडची निदान दोन माणसे, असा हिशेब करून मी १० च्या बाजूने कौल दिला.

मग अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्समध्ये प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा घोळ सुरू झाला; त्याचा एफ/ आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे. एफ/२.८ची लेन्स एफ/४च्या दुप्पट प्रकाश आत घेते, म्हणून तीच घ्यावी, असे एका मित्राचे ठाम मत होते. दुसऱ्याने फक्त ‘तू अंधारात नेमके काय टिपणार आहेस?’ एवढेच विचारले. या प्रश्नाचे उत्तर मला दोन दिवस सुचले नाही, आणि सुचले ते सांगण्याजोगे नव्हते. निसर्गदृश्ये काढायची तर ट्रायपॉड लावून एफ/८ किंवा एफ/११च ठेवतात, हे त्यानेच वर ऐकवले.

फिल्टरचे प्रकरण थोडक्यात सांगतो. काही अतिरुंद लेन्सची पुढची काच डोळे वटारल्यासारखी बाहेर आलेली असते आणि तिच्यावर साधा फिल्टर बसतच नाही. आकाश अधिक गडद निळे करणाऱ्या माझ्याजवळच्या पोलरायझर फिल्टरवर माझा फार जीव असल्याने अशा लेन्स मी यादीतून काढून टाकल्या. सूर्यापासून काटकोनात असलेल्या आकाशावरच पोलरायझरचा परिणाम सर्वाधिक होत असल्यामुळे रुंद फोटोत निळ्या आकाशाच्या मध्येच एक गडद पट्टा उमटतो, हे ज्ञान मला यादी करून झाल्यावर प्राप्त झाले.

खरा धक्का मात्र मित्राची लेन्स चार दिवस मागून आणली तेव्हा बसला. तिच्यात सगळे मावले. पण अगदी उजवीकडे उभ्या असलेल्या काकांचे डोके कोपऱ्याच्या दिशेने असे ताणले गेले होते, की जणू कोणी त्यांचा कान धरून त्यांना फोटोबाहेर नेत होते. कॅमेरा किंचित वर उचलला होता, म्हणून मागची कपाटेही माना मागे टाकून उभी होती. काकांनी फोटो निरखला, चष्मा पुसला, पुन्हा निरखला आणि ‘हे कोण?’ असे विचारले. वाइड-अँगलमध्ये माणसांना कडेला उभे करू नये, असा नियमच आहे म्हणे. जी लेन्स मी कडेची माणसे मावावीत म्हणून घेऊ पाहत होतो, तिच्यात कडेला माणसेच नकोत!

तरीही मी ती घेतलीच. चार महिन्यांचा अभ्यास वाया घालवण्याचे धाडस माझ्यात नव्हते. १०-२४ची, एफ/४ची लेन्स आली, पहिला फोटो निघाला आणि ‘आम्ही किती लांब दिसतो, जरा पुढे ये ना,’ अशी तक्रार झाली. मी दोन पावले पुढे गेलो, तर फोटोत खाली माझ्याच बुटांची टोके आली. टोकाला कोणी उभे राहायचे यावरून झालेला वाद मी येथे देत नाही. सध्या अकराही जण मध्यभागी दाटीवाटीने उभे राहतात आणि दोन्ही टोकांना आम्ही एकेक कुंडी ठेवतो. डावीकडची जरा जास्तच लठ्ठ दिसते, पण तिने अद्याप तक्रार केलेली नाही.