तळटीपेतला प्रश्न

अलेक्सी द तॉकव्हिलचं नाव निघतं ते बहुतेक वेळा अमेरिकन लोकशाहीच्या कौतुकासाठी. मला मात्र त्याच्या ‘डेमॉक्रसी इन अमेरिका’ या पुस्तकातल्या एका तळटीपेनं धरून ठेवलंय. ती कुणी सांगत नाही म्हणून हे लिहितेय.

हा फ्रेंच सरदार घराण्यातला पंचविशीचा मुलगा. पणजोबा राज्यक्रांतीत गिलोटिनखाली गेलेले, आईवडील तुरुंगातून थोडक्यात वाचलेले. मे १८३१मध्ये मित्राबरोबर तो अमेरिकेत उतरला. सरकारी काम तुरुंग पाहण्याचं, पण नऊ महिने त्यानं पाहिली ती माणसांमधली बरोबरी. सगळी इस्टेट थोरल्याला देणारा कायदा गेला, जमिनीचे वाटे पडले आणि बडी घराणी विरली, हे त्यानं अचूक हेरलं. घरच्यांचं असं झालेलं असताना त्यानं समतेबद्दल इतक्या मोकळ्या मनानं लिहावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता ती तळटीप. पेनसिल्व्हेनियात त्यानं एकाला विचारलं, तुमच्याकडे मुक्त काळ्यांना मताचा हक्क नाही का? तो दुखावला. आहे की, असा अन्याय आमचे कायदे करणारे करतील का? मग आज मतदानाला एकही काळा माणूस कसा दिसला नाही? ते आपणहून येत नाहीत, तो म्हणाला. आणखी खोदल्यावर खरं बाहेर आलं: मार बसेल म्हणून येत नाहीत. बहुमताच्या मनात अढी आहे, त्यापुढे अधिकाऱ्यांचं काही चालत नाही. तॉकव्हिल थक्क होऊन विचारतो, म्हणजे कायदा करायचा हक्कही बहुमताचा आणि तो मोडायचाही?

हे छापून आलं १८३५मध्ये. १८३८मध्ये पेनसिल्व्हेनियानं राज्यघटनेतच मतदार ‘गोरा’ असण्याची अट घातली. कागदावरचा हक्कही गेला.

माझी तक्रार एवढीच, की गुलामगिरी आणि मूळ रहिवासी हे आपल्या विषयाला नुसते स्पर्श करून जाणारे मुद्दे आहेत असं तो म्हणतो. माझ्या मते विषय तोच होता. पुढे याच माणसानं अल्जीरिया जिंकण्याची तरफदारी केली, हेही मला विसरता येत नाही.

ती तळटीप वाचताना मला दरवेळी महाड दिसतं. १९२३मध्ये मुंबईच्या कायदेमंडळानं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. १९२४मध्ये महाड नगरपालिकेनंही चवदार तळ्याबाबत तसाच ठराव केला. हक्क होता, पण पाण्याला हात लावायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी ओंजळीनं ते पाणी प्यायलं, आणि त्याच दिवशी गावात परिषदेला आलेल्या माणसांना गाठून मारलं गेलं.