आतड्याला आतून लेप बसत नाही

'प्रत्येकाच्या आतड्यात 5 ते 10 किलो जुना मळ चिकटलेला असतो. सात दिवस उपाशीपोटी मिठाचं कोमट पाणी आणि एरंडेल घ्या, सगळा सुटून पडेल.' हा निरोप घरोघरी फिरतोय. माझ्या आत्यानं तो चार दिवस पाळला. जुलाब, पायात गोळे, चक्कर. वय एकाहत्तर, त्यात रक्तदाबाच्या गोळ्या चालू. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

मळ चिकटतो म्हणे. पण कशाला? शाळेत शिकलेली स्तंभीय अभिस्तर ऊती आठवा: शेजारी शेजारी उभ्या पेशींचा एकेरी थर. आतड्याचं अस्तर म्हणजे हाच थर. खोल खाचांमध्ये नव्या पेशी तयार होतात, वर सरकत जातात आणि गळून पडतात. लहान आतड्यात हे चक्र तीन ते पाच दिवसांचं, मोठ्या आतड्यातही जेमतेम आठवड्याचं. अस्तरच इतक्या लवकर बदलतं, तर त्यावर वर्षानुवर्षांचा थर टिकणार कुठे? शिवाय याच पेशींमधल्या चषक पेशी सतत बुळबुळीत श्लेष्म सोडतात, त्यावरून मळ पुढे घसरतो.

बाबांची कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीनं मोठ्या आतड्याची तपासणी झाली, तेव्हा स्क्रीन मी स्वतः पाहिला. गुलाबी, ओलसर, चकाकणारी भिंत आणि खालून दिसणारी बारीक रक्तवाहिन्यांची जाळी. 'त्याआधी पोट साफ करतातच की,' असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण अपघातातल्या माणसाचं पोट तातडीनं उघडावं लागतं, तेव्हा तो काही पोट साफ करून आलेला नसतो. सर्जनना तिथेही असा लेप सापडत नाही.

मग 'आतड्यातून सुटलेला जुना मळ' म्हणून फोटोत दाखवतात त्या लांब रबरी दोऱ्या? 'क्लीन्स' म्हणजे आतडं साफ करायच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत बहुधा इसबगोल आणि बेंटोनाइट माती असते. पाणी पिऊन दोन्ही फुगतात आणि आतड्याच्या आकाराची दोरी होऊन बाहेर येतात. घटलेलं वजन मुख्यतः पाण्याचं आणि त्या दिवशीच्या मळाचं.

एरंडेलानं पोट साफ होतं, हे आजी सांगायची ते बरोबरच. पण ते भिंत खरवडत नाही. त्यातल्या रिसिनोलेइक आम्लामुळे आतड्याचे, आणि गर्भाशयाचेही, स्नायू जोरात आकुंचन पावतात. म्हणूनच गरोदर बाईनं ते स्वतःच्या मनानं घेऊ नये.

एक गोष्ट मात्र खरी आहे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या गुदाशयात मळाचा कडक गोळा अडकतो. तो पोकळीत अडकतो, भिंतीला लिंपला जात नाही, आणि त्यावर डॉक्टरकडेच जावं लागतं. तिथे मिठाचं पाणी पाजत बसू नका.